पहिला खंड सुखरूप आहे

सानोक, ३ जुलै

तीर्थस्वरूप प्राक्सेदा आत्याबाईंच्या चरणी त्यांचा धाकटा भाचा अलॉयझी (वय त्रेसष्ट, गुडघे धरले तर सत्तर) याचा कंबर वाकेल तितका वाकून नमस्कार.

तुमचा नवा गुडघा कसा आहे? क्रिनित्साच्या आरोग्यधामात ते कुजक्या अंड्याच्या वासाचं औषधी पाणी तुम्ही नाक न मुरडता पिता आणि बाकीच्या बायकांनाही प्यायला लावता, असं ऐकलं. ऐकून बरं वाटलं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. संध्याकाळी तिथे म्हाताऱ्यांचा नाच असतो म्हणे. कृपा करून जाऊ नका. गुडघा नवा आहे, त्याला तुमचा स्वभाव अजून माहीत नाही. तुमच्या खिडकीतली जिरॅनियमची अकराही रोपं मी एक दिवसाआड पाणी घालून जगवली आहेत (एक जरा रुसलंय, पण ते तुमच्यावर गेलंय). आणि तुम्ही पाकीट फोडल्याबरोबर आधी जे शोधणार ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल: पहिला खंड सुखरूप आहे.

फोनवर माणूस भराभर खोटं बोलतो, पत्रात त्याला निदान विचार करावा लागतो, असं तुमचं मत. म्हणून बारा पानं घेऊन बसलोय. लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, त्यामुळे तिथे काय घडलं ते तुम्हाला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. त्याआधी मूळ हकीकत मूळ माणसाकडून कळावी. आत्याबाई, जिंकलो! तुमच्या भाच्यानं इंग्रजांना इंग्रजीत चीत केलं. चौदाच्या चौदा जणांना.

पण आधी फेब्रुवारी आठवा. आठवायला नको वाटतं, तरी आठवा. आमची कालिना त्या टोबीला घेऊन आली आणि सोबत टोबीच्या आईला, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंना, हेदरबाईंना. (टोबी तिकडे लीड्समध्ये लोकांची झाडं छाटतो. उंच आहे, गरीब आहे स्वभावानं, झाडावर चढायला शिडी लागत नाही.) मी स्वतः झुरेक केलं होतं. राय धान्याच्या पिठाची आंबवण पाच दिवस जपली होती, कालिनाची आई उर्सुला करायची तशीच, लसूण, सॉसेज, उकडलेलं अंडं, सगळं जिथल्या तिथे. हेदरबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "एक्स्ट्राऑर्डिनरी!" आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे ‘ओर्दिनार्नी’ कुणाला म्हणतात? जो चारचौघात शिव्या देतो, बाहीला नाक पुसतो, त्याला. म्हणजे माझं सूप नुसतं असभ्य नाही तर जास्तीचं असभ्य! माझा चेहरा पडला. विहीणबाईंना वाटलं, मला लग्न पसंत नाही म्हणून मी तोंड पाडून बसलोय. त्यांनी हळूच, तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारलं की मला हे लग्न आवडलंय का, मी खूश आहे का, मुलांना माझा आशीर्वाद आहे का. एवढं मला कळलं. आणि सुपाचा अपमान गिळून, मन मोठं करून, छातीवर हात ठेवून मी तिन्ही वेळा म्हणालो, "नो! नो! नो, नो, नो!"

आपलं नो, आत्याबाई. आपलं साधं घरगुती ‘नो’, जे आपण दिवसातून दोनशे वेळा ‘हो’, ‘हो तर’, ‘मग काय’ म्हणून वापरतो. मला काय ठाऊक की ते समुद्र ओलांडलं की उलटं होतं? विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. टोबीचे कान लाल झाले. कालिना तेव्हा नेमकी स्वयंपाकघरात ब्रेड कापत होती. ती बाहेर आली तोवर इंग्लंडशी आपले संबंध तुटले होते.

पुढे सगळं निस्तरलं, पण पंधरा दिवस लागले. आणि कालिनानं फोनवर मला निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, लग्नात तू फक्त हसायचंस. छान दिसतोस हसताना. बोलायचं नाही. बोलायला मी माणूस ठेवलाय." माणूस म्हणजे लग्नात नाचगाणी आणि खेळ चालवणारा तो लाल बो-टायवाला सूत्रधार. त्याच्याकडे माझ्या नावानं चार ओळी छापून दिल्या होत्या: स्वागत आहे, आनंद आहे, जेवा, प्या. मुलीच्या लग्नात मुलीच्या बापाचं भाषण भाड्याच्या माणसाच्या तोंडून! चाळीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली, दोन भावांच्या शेताच्या मधोमध उभा राहून दोघांनाही ऐकू जाईल असं बोललो, आणि आता माझ्यावर हसायची ड्यूटी.

मला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली, हे तुम्हालाच सांगतो. एकुलती एक मुलगी. ती काही आता सानोकला परत येत नाही. उद्या तिच्या घरी गेलो तर मी काय, दारातल्या छत्र्यांच्या स्टँडसारखा कोपऱ्यात उभा राहणार? नातवंडं झाली तर त्यांनी मला बोट लावून बघायचं, आजोबा चालू आहेत का बंद आहेत ते? उर्सुला गेल्यापासून सहा वर्षं घरात टीव्ही सोडून कुणी बोलत नाही. तिकडे तर टीव्हीही मला कळणार नाही. त्या दिवशी ठरवलं, लग्नात मी माझ्या तोंडानं बोलणार, आणि असं बोलणार की कालिनानं मान खाली घालता कामा नये.

तेव्हा मी तुमच्याकडे आलो, आणि तुम्ही फेलिक्स आतोबांचं कपाट उघडलंत. (आतोबा जहाजावर तारायंत्र चालवायचे, त्यामुळे त्यांना दर बंदरात एक पुस्तक होतं, असं तुम्ही म्हणता. दर बंदरात आणखी काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत, मोठ्या मनाच्या आहात.) मी म्हटलं होतं, एखादं सोपं पुस्तक द्या, स्टेशनवर तिकीट कसं मागावं वगैरे. तुम्ही म्हणालात, "तिकीट मागायला बोट पुरतं. शिकायचं तर दिवाणखान्यातलं शीक, धक्क्यावरचं नको!" आणि ती दीडशे वर्षांपूर्वीची तीन खंडांची कादंबरी काढलीत. दिलात मात्र पहिलाच खंड. पेन्सिल लावायची नाही, जवळ खायचं काही ठेवायचं नाही, परीक्षा दिल्याशिवाय दुसरा खंड नाही. कपाटाची किल्ली पुन्हा गळ्यात, पवित्र पदकाच्या शेजारी. सोबत आतोबांचा तो महायुद्धाच्या आधीचा शब्दकोश, ज्यात विमान नाही पण बग्गीचे सव्वीस प्रकार आहेत.

आत्याबाई, पहिलं वाक्य सुरू झालं मंगळवारी आणि त्याचं क्रियापद मला भेटलं गुरुवारी. मधल्या वाटेत एक पाद्रीसाहेब, त्यांची थोरली मुलगी लेटिशिया, तिचा चिक्कू मामा आणि एक दमेकरी जहागीरदार एवढे भेटले, पण कोण कुणाला काय करतंय ते कळेना. पहिल्या पानाला नऊ दिवस. (आणि तो ‘द’! पानोपानी ‘द’. आपल्या भाषेत हा प्रकार नाही आणि नसल्यानं आजवर कुणाचं काही अडलं नाही. मी पहिल्या आठवड्यातच सगळे ‘द’ मनातल्या मनात तण उपटावं तसे उपटून टाकले, तेव्हा जरा वाट दिसली.) शब्द पाठ होईनात. सकाळी घोकलेला शब्द दुपारी ओळख देत नव्हता. मग मोजणीदाराचं डोकं चालवलं. जमीन लक्षात ठेवायची तर खुंट्या ठोकाव्या लागतात. तळघरात जाऊन मी लोणच्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. खारवलेल्या काकड्या म्हणजे मेलंकली. आंबवलेल्या कोबीचा मोठा माठ म्हणजे बेनेव्होलन्स. बीट म्हणजे इंडिग्नेशन. आलुबुखारचा मुरंबा, फेलिसिटी. काही खायचं असेल तर आधी शब्द म्हणायचा, अर्थ सांगायचा, वाक्य करायचं, मगच झाकण उघडायचं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलो.

शेजारच्या ब्रोनिस्लावाबाई एकदा बीट मागायला आल्या. मी म्हटलं, "बीट संपत आलंय, पण तुम्हाला थोडं इंडिग्नेशन देतो." त्या म्हणाल्या, "नको बाई, माझ्या सुनेला त्यानं गॅस होतो." आणि पुढे आठवडाभर दुकानात सांगत फिरल्या की बिचाऱ्या अलॉयझीला एकटेपणानं घेरलंय, तळघरात बरण्यांशी परदेशी भाषेत बोलतो. बोलत होतोच! चार महिन्यांत चारशे अकरा शब्द झाले. आजही कुणी ‘मेलंकली’ म्हटलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, त्याला इलाज नाही. पण पहिला खंड मी शेवटच्या पानापर्यंत नेला. लेटिशिया हातात पत्र घेऊन कुलूपबंद फाटकापाशी उभी आहे, आत जहागीरदार खोकतोय, आणि खंड संपतो. (खंड सुखरूप आहे.)

आता लग्न. जूनचा तिसरा शनिवार, दुपारी चर्च, चार वाजता हॉल. दारात आम्ही नवरानवरीला पाव आणि मीठ दिलं. टोबीनं चर्चमध्येच रडून घेतलं होतं. (एवढा झाडावर चढणारा गडी, शपथ घेताना हुंदके देत होता. मला तो त्या क्षणी आवडला.) चिकनचं पातळ सूप झालं, पहिले पेले झाले आणि सूत्रधारानं खिशातून माझ्या चार ओळी काढल्या. मी उठलो. त्याच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे, तो देत नव्हता. समोर कालिना. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, बाबा, नको. मी कोटाच्या खिशावरून हात फिरवला (खिशात कोण होतं ते पुढे येईल) आणि हेदरबाईंकडे वळून अस्खलित इंग्रजीत म्हणालो:

"परमआदरणीय मॅडम! आयुष्यात मी अनेक थोर स्त्रिया पाहिल्या, परंतु आपल्याइतकं कंडिसेन्शन मी कुणातही पाहिलं नाही."

आतोबांच्या शब्दकोशात काय दिलंय ते तुम्ही पाहिलंच असेल: थोरामोठ्यांनी मोठेपण विसरून लहानांशी मायेनं वागणं. पहिल्या खंडात जहागीरदाराची आई पाद्रीसाहेबांच्या घरी चहा प्यायला येते तेव्हा सगळं गाव तिच्या कंडिसेन्शननं गहिवरतं. चांगलं पान-दीड पान गहिवरतं. मला काय माहीत, की मधल्या दीडशे वर्षांत तो शब्द घसरत घसरत पार गटारात गेला आणि आता त्याचा अर्थ होतो, स्वतःला शहाणं समजून समोरच्याला कस्पटासमान लेखणं! इंग्रजांच्या टेबलावर चौदा काटे हवेतच थांबले. शांतता बघून मला वाटलं, भारावले. म्हणून मी आवाज चढवला.

"आणि आपला सुपुत्र! आज चर्चमध्ये मी त्याचा चेहरा पाहिला. मॅडम, इतका पॅथेटिक तरुण मी जन्मात पाहिला नाही. मी माझी मुलगी आनंदानं या पॅथेटिक कुटुंबात देतो!"

हा शब्द तर मी दोन्ही बाजूंनी तपासून घेतला होता. आपल्याकडे ‘पातेतिच्नी’ म्हणजे भारदस्त, उदात्त, राष्ट्रगीताच्या वेळी होतं तसं. शब्दकोशात, काळीज हलवणारं. दोन्ही खुंट्या एका रेषेत, मग मोजणीदारानं शंका का घ्यावी? आज तो शब्द इंग्रज लोक फुटक्या छत्रीला आणि हरलेल्या फुटबॉल संघाला वापरतात, हे मला रविवारी कळलं. टोबीचे काका उठून उभे राहायला लागले होते. कालिनानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. आपल्या बाजूच्या लोकांना अर्थातच काही कळलं नाही. भाषण जोरात झालं म्हणजे चांगलं झालं, अशा समजुतीनं त्यांनी टाळ्या पिटल्या आणि रीतीप्रमाणे ओरडायला सुरुवात केली, "गोश्को! गोश्को!" वोडका कडू लागतेय, नवरानवरीनं मुका घेऊन गोड करा. मी म्हटलं, पाहुण्यांना कळायला नको का? माइक हातात होताच. मी गर्जना केली, "बिटर! बिटर!"

इंग्लंडात या नावाची बीअर असते, आत्याबाई. उठलेले काका खाली बसले, चेहरा उजळला आणि दोन बोटं वर करून म्हणाले, इकडे दोन.

आणि मग हेदरबाई उठल्या. मला वाटलं, आता झुरेकचा, नोचा आणि याचा सगळा हिशेब एकदम होणार. पण बाई लालबुंद झाल्या होत्या त्या रागानं नव्हे. त्यांनी डोळे पुसले, घागऱ्याची दोन टोकं चिमटीत धरून मला असा काही लवून मुजरा केला की फक्त लेटिशियाच करू जाणे, आणि सावकाश, एकेक शब्द मला कळेल असा म्हणाल्या, "महाशय, आपल्यासारख्या गृहस्थानं माझ्यासारख्या विधवेवर एवढ्या कंडिसेन्शनचा वर्षाव करावा, हा माझ्या आयुष्यातला सर्वात पॅथेटिक क्षण आहे." मग आपल्या मंडळींकडे वळल्या. त्यांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं: "काटे खाली ठेवा रे! दीडशे वर्षांत कुणी कुणाला बोललं नसेल असं हा माणूस माझ्याशी बोलला. तुमच्यापैकी एकालाही हे जमलं असतं का?" बाई तीस वर्षं ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करत होत्या. शिवण उसवलेली, पाठ मोडलेली. हे शब्द त्यांनी रोज हाताखालून घातले होते, पण माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

मग जो हशा उठला, आत्याबाई! माझ्यावर नाही हं. माझ्याबरोबर. यातला फरक चाळीस वर्षं खेड्यापाड्यांतून फिरलेल्या माणसाला कळतो. टोबीचे काका आले आणि म्हणाले, मलाही एक द्या. मी त्यांना ‘बेनेव्होलंट सर’ म्हटलं, त्यांनी मला मिठी मारली. मग रांगच लागली. चौदा जण, प्रत्येकाला एकेक जुना शब्द. एका मावशींना मी ‘मेलंकली’ दिला तेव्हा मला राहवेना, मी ताटातली काकडी उचलली. आणि सगळ्यांच्या शेवटी, रांगेत उभी राहून, कोण आली असेल? आमची नवरी. माझ्या छातीवर डोकं ठेवलं. रंगरंगोटी माझ्या शर्टाला लागली, लागू दे. म्हणाली, "बाबा, मी मूर्ख आहे. परत बोल ना." मी म्हटलं, "काय बोलू?" म्हणाली, "काहीही. सगळ्यांना ऐकू जाईल असं." मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? टोबी होताच रडायला सोबतीला.

इथे पत्र संपवायला हवं, कारण विजय झाला. पण दुसऱ्या दिवसाचं थोडं राहिलंय. रविवारी दुपारी उरलेलं संपवायला आणि राहिलेलं बोलायला सगळे पुन्हा जमले, तेव्हा हेदरबाई आणि मी हॉलमागच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी सांगितलं की फेब्रुवारीपासून त्याही एक छोटं पुस्तक घेऊन आपली भाषा शिकतायत. एकतीस शब्द झालेत, त्यातले नऊ सुपाचे. "एक्स्ट्राऑर्डिनरी म्हणजे अप्रतिम," त्यांनी मला समजावलं, आणि झुरेकबद्दलची चार महिन्यांची ठसठस तिथल्या तिथे थांबली. मग मी त्यांना सांगितलं की त्यांच्या नावाचं ते जांभळं रानझुडूप आपल्या जंगलात सप्टेंबरात फुलतं, आणि त्यावरूनच आपण त्या महिन्याचं नाव ठेवलंय. म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे एक अख्खा महिना तुमचा आहे." आणि मग तोंडातून निघून गेलं. म्हटलं, त्याच महिन्यात जंगलात अळंबी निघते. याल का माझ्याबरोबर वेचायला?

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नो."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, काका विमानतळ विमानतळ म्हणून ओरडायला लागले, आणि बाई गेल्या. आज अकरा दिवस झाले. मी त्या ‘नो’ची मोजणी करतोय. इंग्रजांचं लांब असतं, शेवटी ओठांचा चंबू होतो. आपलं आखूड, तोंड उघडंच राहतं. बाईंचं मधलंच काहीतरी होतं. चंबू होत होता, पण बाई हसल्या आणि तो मोडला. एकतीस शब्दांत ‘नो’ असेल की नसेल? सोपा शब्द आहे, असायला हवा. पण नाही म्हणायला तर त्यांना शिकायचीही गरज नव्हती. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसं हे सगळं जर-तरचं आहे. (म्हण आहे, तुम्हाला उद्देशून नाही.) भाषणात जिंकलेला माणूस एका अक्षराच्या शब्दाशी अडून बसलाय. असो. तुमच्या गुडघ्यापुढे माझं दुःख ते काय.

गुडघ्यास सांभाळावे, पाणी प्यावे, नाचू नये. घरच्या जिरॅनियमसकट आम्हा सर्वांवर आहे तसाच वचक असू द्यावा, ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक,
अलॉयझी

ता. क. परीक्षा न घेता दुसरा आणि तिसरा खंड देता येतील का? कपाटाची किल्ली टपालानं पाठवली तर मी स्वतः काढून घेईन, बाकी कशाला हात लावणार नाही. झालं असं, की बाकावर बाईंनी विचारलं, मी तिन्ही खंड वाचलेत का. त्यांनी वाचलेत, दोनदा. मी म्हटलं, "अर्थातच, मॅडम." मग त्या म्हणाल्या, "शेवटी लेटिशियानं त्या फाटकाच्या बाबतीत जे केलं ते तुम्हाला पटलं का?" मी डोळे मिटून म्हणालो, "मॅडम, माझं मेलंकली मला बोलू देत नाही." हे एकदा चाललं. दुसऱ्यांदा चालणार नाही.

दुसरा ता. क. आपली ती जागा. ओढ्यापलीकडची, तिसऱ्या बर्चच्या झाडानंतर डावीकडे, जिथे दर वर्षी बोरोविक अळंबी हमखास निघते. पाद्रीबुवांनी कबुलीजबाबात विचारलं तरी सांगायची नाही, रक्ताच्या नात्याबाहेर दाखवायची नाही, अशी आजोबांच्या टोपीवर हात ठेवून घेतलेली शपथ मला तोंडपाठ आहे. उर्सुलाला मी लग्नानंतर आठ वर्षांनी, तुमची परवानगी घेऊन नेलं होतं. आता शपथ घेतलेल्यांपैकी तुम्ही आणि मी दोघंच उरलोय. समजा एखाद्या बाईंना (नाव घेत नाही) तिथे न्यायचं झालं, तर विहीण ही रक्ताच्या नात्यात बसवता येईल का? मोजणी खात्यात आम्ही याहून मोठ्या गोष्टी याहून लहान जागेत बसवल्या आहेत. हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं, हे तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलं असेल.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात कालिनाचा फोन आला. "बाबा, तू माझ्या सासूला काय सांगितलंस? ती इथे दुकानात उभी राहून रबरी बूट घालून बघतेय. वेताची टोपली घेतलीय. सप्टेंबरचं विमानाचं तिकीट काढून बसलीय. मी विचारलं, कुठे? तर म्हणते, तुझ्या वडिलांनी मला जंगलात बोलावलंय आणि मी त्यांना त्यांच्या भाषेत लगेच हो म्हटलंय. पहिलाच शब्द शिकले होते, म्हणते, फेब्रुवारीत, त्यांच्याच तोंडून."

आत्याबाई, फोन ठेवून मी तळघरात गेलो आणि फेलिसिटीची अख्खी बरणी उघडली. वाक्य न करता.

चौथा ता. क. पहिल्या खंडाविषयी. तो सुखरूप आहे हे मी दोन वेळा लिहिलं, ते खरंच आहे. फक्त मे महिन्यात तो तळघरात माझ्या हातून मेलंकलीच्या बरणीत पडला होता. लगेच काढला. पण पाठ मोडली, आणि पानांना अजून शेपूचा वास येतो. शुभशकुन म्हणून मी तो लग्नात कोटाच्या खिशात ठेवला होता. बाकावर बाईंनी पाहिला, हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, हा मी नव्यासारखा शिवून देते. तेव्हा तो सध्या लीड्सला आहे, उत्तम हातांत आहे आणि सप्टेंबरात त्यांच्याच टोपलीतून परत येणार आहे. म्हणजे बाईंना जंगलात येऊ दिलंत तरच तो येईल. मी काही अट घालत नाहीये, नुसती वस्तुस्थिती मोजून मांडतोय. उत्तर एका शब्दात कळवलंत तरी चालेल. फक्त ‘नो’ लिहिणार असाल, तर कुठल्या भाषेतलं तेवढं लिहा.